चौकोनी भोक आणि त्याचं विंधणं

विंधन विहीर हा शब्द शेतकऱ्यापासून बिल्डरपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. विंधणं हे हत्यार मात्र हार्डवेअरच्या दुकानात नावानं मागितलं, तर दुकानदार क्षणभर थांबतो आणि मग पटाश्यांचा खोका पुढे सरकवतो. त्याचंही चूक नाही. दाराच्या उभ्या लाकडात आडव्याचं कुसू, म्हणजे टोकाला काढलेली जीभ, बसवायचं तर उभ्यात चौकोनी भोक पाडावं लागतं. हे भोक पाडणारी अरुंद, जाड आणि मोगरीचा मार सोसणारी पटाशी म्हणजे विंधणं. असं भोक पाडणारेच कमी झाले, म्हणून मागणी गेली आणि नावही मागे पडलं.

अलीकडे मात्र एक वेगळाच ग्राहक ते मागू लागला आहे. नोकरी सांभाळून गच्चीवर किंवा गॅरेजमध्ये हातानं लाकूडकाम करणारा, सागाचा चौरंग किंवा शिसवीची पेटी स्क्रूशिवाय जोडू पाहणारा. करवत, रंधा, गुण्या आणि दोन-तीन पटाश्या त्याच्याकडे जमतात, आणि पहिल्याच स्टुलापाशी प्रश्न येतो: विंधणं घ्यायचं का, घ्यायचं तर कुठलं, आणि परवडेल असं कुठे मिळेल? या प्रश्नाला अनुभवी माणसं वेगवेगळी आणि काही वेळा थेट उलट उत्तरं देतात.

हत्यार मागे का पडलं

बारा बलुत्यांत सुतार होता तसा लोहारही होता. सुतार स्वतःची पटाशी लोहाराकडून घडवून घेई आणि मूठ स्वतः बसवी. आजही कित्येक ठिकाणी पटाश्या मुठीविनाच विकल्या जातात, ती याच जुन्या व्यवहाराची खूण. वाड्यांचे दरवाजे, चौकटी, पाळणे, बाजा, बैलगाड्या या सगळ्यांत कुसू आणि भोक हाच मुख्य सांधा होता. सागाची चौकट आणि बाभळीची गाडी या दोन्हींसाठी सुताराच्या पिशवीत विंधणं लागेच.

मग प्लायवूड आलं. प्लायच्या फळीत कुसू काढता येत नाही. तिथे स्क्रू, बिजागरी आणि डिंक हेच चालतं. जिथे लाकडी चौकट उरली तिथे राउटर आणि भोक पाडायचं यंत्र आलं. शहरातला तरुण मिस्त्री आज विंधण्याशिवाय वर्षभर काम करू शकतो. कारखान्यांनी मग जे खपतं तेच करायला घेतलं, म्हणजे सगळ्या कामांना चालेल अशी मध्यम जाडीची पटाशी.

जाडी कशासाठी

हे हत्यार फार जुनं आहे. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात लंडनच्या जोसेफ मॉक्सन यांनी कारागिरीवरचं आपलं ‘मेकॅनिक एक्सरसायझेस’ हे पुस्तक हप्त्याहप्त्यानं छापलं. त्यातही ते भोकाच्या पटाशीचं वेगळेपण हेच सांगतात: पातं अरुंद, पण जाड आणि दणकट, कारण तिला जोराचे घाव सोसायचे असतात. पुढे 1740 च्या दशकात बेंजामिन हंट्समन यांनी शेफील्डला मुशीतलं पोलाद बनवायला सुरुवात केली आणि ते शहर हत्यारांचं माहेरघर झालं. तिथल्या भारी विंधण्याला इंग्रज सुतार ‘पिगस्टिकर’ म्हणजे डुक्कर भोसकायचा सुरा म्हणत. लंबगोल जाड मूठ, मुठीखाली लंबगोल खांदा आणि पुढे रुंदीपेक्षा जाडी जास्त असलेलं पातं. खिडक्यांच्या हलक्या कामासाठी याच जातीचं एक सडपातळ विंधणंही होतं.

जुनं शेफील्डचं विंधणं दगडावर घासलं की त्याच्या उतारावर दोन रंग दिसतात. सपाट बाजूला पोलादाचा चकचकीत थर आणि त्यामागे मऊ लोखंडाचा मंद करडा भाग. महाग पोलाद फक्त धारेपुरतं, बाकी अंग लोखंडाचं. स्वस्त हत्यार कसं करावं याचा विचार तेव्हाही चालू होता, हे त्या दोन रंगांत दिसतं.

पात्याचा छेदही पाहण्यासारखा असतो. सपाट पाठीकडे ते पूर्ण रुंद, आणि मागे जाताना दोन्ही बाजूंनी केसभर निमुळतं. त्यामुळे ते भोकात अडकत नाही. तरी बाजू उंच असल्यामुळे आधीच पाडलेल्या भिंती पात्याला दोन्हीकडून धरून ठेवतात आणि ते वळत नाही. वाद नेमका इथूनच सुरू होतो: या धरून ठेवण्याची गरज किती?

पहिली बाजू: वेगळं विंधणं नकोच

या बाजूचे सर्वांत ऐकले जाणारे कारागीर म्हणजे इंग्लंडचे पॉल सेलर्स. ते पंधराव्या वर्षी उमेदवारीला लागले आणि त्यांचं सारं आयुष्य याच कामात गेलं. घरगुती फर्निचरच्या मापाची भोकं कडा उतरत्या असलेल्या साध्या पटाशीनं नीट पडतात, असं त्यांचं म्हणणं आहे. ते त्यांनी काचेआड करून दाखवलं. लाकडाच्या कडेला काच लावून त्यांनी भोक पाडलं, त्यामुळे पटाशी आत कशी उतरते आणि ढलपी कशी सुटते हे बघणाऱ्याला दिसतं. सुपरमार्केटात मिळणाऱ्या अगदी स्वस्त पटाश्यांचीही त्यांनी मनापासून शिफारस केली, आणि त्या शिफारशीनं अनेकांची भीड मोडली.

या बाजूचे मुद्दे वजनदार आहेत. खुर्ची, टेबल, पेटी यांची बहुतेक भोकं सहा ते दहा मिलिमीटर रुंद आणि इंच-दीड इंच खोल असतात. पातळ पातं लाकडात सहज शिरतं, त्यामुळे घाव हलका लागतो. जाड पातं पाचरीसारखं काम करतं, म्हणून टोकाशी असलेल्या लाकडाला तडा जायची भीती वाढते. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, ही पटाशी घरात आधीच असते. म्हणजे खर्च शून्य.

दुसरी बाजू: जाडीला पर्याय नाही

दुसऱ्या बाजूचे कारागीर म्हणतात की हा हिशेब पाइन आणि ओकचा आहे. खोल भोकात ढलपी काढताना पटाशी तरफेसारखी दाबावी लागते. तिथे पातळ पातं लवतं, कधी मोडतंही. पातळ पटाशीला भिंतींनी धरावं अशा उंच बाजू नसतात, म्हणून नवशिक्याच्या हातात ती घावागणिक थोडी वळते आणि भोकाच्या बाजू लाटांसारख्या होतात. जाड विंधण्याला सुरुवातीचे तीन-चार घाव सरळ मिळाले की पुढचं काम भिंती करतात.

आपल्याकडचं लाकूड या बाजूला बळ देतं. सागात सिलिका असते, म्हणजे वाळूच्या जातीचं खनिज, आणि ती धार लवकर खाते. बाभूळ तर पातळ धारेचे तुकडेच पाडते. धार टिकवायची तर तिचा कोन वाढवावा लागतो. साध्या पटाशीला पंचवीस ते तीस अंश पुरतात, विंधण्याला तीस ते पस्तीस देतात. एकाच पटाशीनं तासकाम आणि भोक दोन्ही करायचं ठरवलं की तिचा कोन रोज बदलत बसावं लागतं. माझ्या मते इंग्रजी वादात हा मुद्दा जितका यायला हवा तितका येत नाही.

मी दोन्ही करून पाहिलं आहे. सागाच्या चौरंगाचे चार पाय होते. पहिल्या दोन पायांची भोकं नेहमीच्या पटाशीनं पाडली. सहा-सात घावांनंतर पाठीशी नख फिरवलं की धारेत बारीक खाच लागायची आणि पुन्हा ऑईलस्टोनवर जावं लागायचं. उरलेल्या दोन पायांना जाड विंधणं वापरलं, पस्तीस अंशाचं. धार टिकली, भोकाच्या भिंतीही जास्त सरळ आल्या. पण एका पायाच्या टोकाला केसासारखी चीर गेली, कारण टोकापासून पुरेसं अंतर न सोडता मी तिथेही तेवढ्याच जोरानं हाणलं. पहिली बाजू ज्या धोक्याबद्दल सांगते तो मला दुसऱ्या बाजूचं हत्यार हातात असताना भेटला.

तिसरी वाट: आधी गिरमिट

दोन्ही बाजूंना न जुमानता आपले बहुतेक मिस्त्री तिसऱ्या वाटेनं जातात. गिरमिटानं किंवा ड्रिलनं ओळीत गोल भोकं पाडायची आणि मधलं उरलेलं पटाशीनं साफ करायचं. दाराच्या चौकटीत भोक चार सूत, म्हणजे अर्धा इंच, रुंद असतं, तिथे ही पद्धत वेगवान आहे आणि पटाशीवर मारही कमी येतो. खोलीही आधीच ठरवता येते.

दोन सुती भोकात मात्र ही वाट अडखळते. बारीक बिट रेषेबाहेर गेलं की पटाशी त्याच चुकीमागे जाते. अरुंद भोकाच्या भिंती तासून सरळ करणं हे मूळ भोक पाडण्यापेक्षा किचकट काम आहे. रुंद भोकाला गिरमिट आणि अरुंदाला विंधणं, असा ढोबळ समझोता बऱ्याच कार्यशाळांत दिसतो.

या वाटांखेरीज जपानी पद्धतीतही भोकासाठी वेगळी पटाशी आहे. मऊ लोखंडावर अतिशय कठीण पोलादाचा थर, पाठीला पोकळी आणि मुठीवर मार सोसणारं लोखंडी कडं. सुंदर हत्यार आहे, पण स्वस्ताच्या चर्चेत ते बसत नाही, आणि त्याची धार कठीण भारतीय लाकडात तुटू नये म्हणून कोन वाढवावाच लागतो.

पोलाद आणि पाणी

स्वस्त-महागाचा खरा फरक पोलादात आणि त्याला दिलेल्या पाण्यात, म्हणजे तापवून विझवण्यात, असतो. आपला लोहार बहुधा ट्रकच्या स्प्रिंगचा पाटा वापरतो. त्यात कार्बन साधारण अर्धा टक्का किंवा किंचित जास्त, आणि सिलिकॉन व मँगनीज असतं. हे पोलाद चिवट आहे, सहज तुटत नाही, पण फार कठीणही होत नाही. बेअरिंगच्या पोलादात कार्बन एक टक्क्याच्या आसपास असतं. ते जास्त धार धरतं, पण पाणी देताना नजर चुकली तर तडकतं.

तापवून विझवल्यावर पोलाद पुन्हा हलकं तापवून मऊ करावं लागतं. पृष्ठभागावर गवताच्या काडीचा पिवळा रंग आला की धारेसाठी योग्य. तांबूस-जांभळ्यावरून निळा झाला की धार गेली. ग्राइंडरवर घाईनं घासलेल्या पटाशीच्या टोकाला निळा डाग दिसला तर तो भाग घासून टाकल्याशिवाय धार टिकणार नाही. वापरलेल्या पाट्यात आतल्या आत बारीक भेगाही असू शकतात. म्हणून लोहाराला शक्यतो न वापरलेल्या पाट्याचा तुकडा आणून द्यावा.

दुसऱ्या टोकाला डी-2 नावाचं पोलाद आहे, त्यात दीड टक्का कार्बन आणि बारा टक्के क्रोमियम असतं. इंग्लंडचे रे आयल्स यांनी जुन्या पिगस्टिकरचा घाट याच पोलादात पुन्हा आणला. ती धार फार टिकते, पण साध्या ऑईलस्टोनवर घासायला घाम काढते. ज्याच्याकडे धार लावायची हिऱ्याची पट्टी नाही त्याच्यासाठी हा फायदा अर्धाच.

परवडणारे पर्याय

आपल्याकडे साधारण चार वाटा आहेत. पहिली लोहाराची. काही शेकड्यांत मनासारखं माप मिळतं, पण प्रत्येक नग वेगळा. दुसरी भारतीय कारखान्यांची मजबूत पटाशी. सहज मिळते, पोलाद ठीक, पण छेद विंधण्याचा नसतो. तिसरी वाट चेक प्रजासत्ताकातल्या नारेक्सची. 1919 पासून चालत आलेल्या या कारखान्याचं विंधणं जगभर ‘परवडणाऱ्यातलं चांगलं’ म्हणून सुचवलं जातं. कठीणपणा रॉकवेल मापावर 59 च्या आसपास, मापं मिलिमीटरमध्ये. आपल्याकडे वाहतूक आणि आयात धरून त्याचा आकडा हजारांत जातो, त्यामुळे युरोपातलं ‘स्वस्त’ इथे मध्यम किमतीचं ठरतं. अमेरिकेतल्या ली-नील्सनचं विंधणं उत्तम आहे, पण या लेखाच्या कक्षेबाहेरचं.

चौथी वाट मला सगळ्यात आवडते, ती जुन्या बाजाराची. ब्रिटिश काळात शेफील्डची हत्यारं इथे येत होती, त्यामुळे पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोर बाजारात चिकाटीनं हिंडलं तर गंजलेलं, मूठ गेलेलं विंधणं अधूनमधून सापडतं. घेताना पाठ बघावी. उतारावरचा गंज घासून जातो, पण पाठीवर धारेजवळ खोल खड्डे असतील तर प्रत्येक वेळी धार लावताना ते नव्यानं धारेवर येतात. अंगठ्याएवढं पातं उरलं असेल तर सोडून द्यावं, कारण पोलादाचा थर मुठीपर्यंत जातोच असं नाही.

कॅलिपर घेऊन जा

दुकानात मी खिशात व्हर्नियर कॅलिपर घेऊन जातो. एकदा एका दुकानात एकाच मापाच्या आठ पटाश्या काढायला लावल्या. दुकानदार म्हणाला, “काका, सगळ्या सारख्याच आहेत, कुठलीही घ्या.” मी धारेपाशी आणि त्यापासून दीड इंच मागे अशी दोन ठिकाणी रुंदी मोजली. पाच पटाश्या मागे जाताना रुंद होत होत्या. अशी पटाशी भोकात वीस मिलिमीटर उतरली की पाचरीसारखी रुतते आणि काढताना भोकाचं तोंड फाटतं. दोन ठीकठाक होत्या. आठवीची पाठ सपाट, बाजू मागे केसभर निमुळत्या. तीच घेतली. दुकानदारानं नंतर कॅलिपर मागून घेतला आणि उरलेल्यांवर स्वतः लावून बघितला.

विंधणं निवडताना हीच कसोटी मी सगळ्यांत वर ठेवतो, पोलादाच्याही वर. मऊ पोलादाला धार पुन्हा लावता येते, रुतणारं पातं मात्र प्रत्येक भोक बिघडवतं. अशा बाजू ग्राइंडरवर सरळ करता येतात हे खरं, पण घासताना पातं तापतं आणि पाणी उतरायची भीती राहते.

सूत की मिलिमीटर

दुसरा प्रश्न मापांचा. भोक लाकडाच्या जाडीच्या तिसऱ्या हिश्श्याएवढं ठेवावं, असा जुना अंदाज आहे. पाऊण इंची लाकडाला दोन सूत, सव्वा इंचीला तीन सूत, चौकटीला चार. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, म्हणून दोन सूत 6.35 मिलिमीटर होतात. सहा मिलिमीटरचं आयात विंधणं आणि दोन सुती गिरमिट एकत्र वापरलं तर 0.35 चा फरक येतो. कागदाच्या तीन-चार पानांएवढा. कुसू तेवढं ढिलं बसतं किंवा बसतच नाही. भोक आधी पाडावं आणि कुसू त्या भोकाच्या मापानं आखावं, हा जुना शिरस्ता या गोंधळातून सोडवतो.

सहा विंधण्यांचा संच नव्यानं घेणाऱ्याला बहुतेक अनुभवी माणसं, वादात कुठल्याही बाजूची असोत, अडवतात. मीही अडवतो. तीन सुती एक घ्या, तेही चौरंग किंवा स्टूल करायला घेतल्यावर. दुसऱ्याची गरज खरोखर लागते तेव्हाच कळते.

अजून न सुटलेलं

जाड की पातळ, हा वाद माणसाच्या हातावर येऊन थांबतो. ज्याचा हात सरळ बसला आहे त्याला पातळ पटाशी पुरते. ज्याचा बसलेला नाही त्याला जाडीची मदत होते. पण त्या मदतीनं हात बसायला उशीर होतो का, यावर दोन बाजू अजून एकमेकांना पटवू शकलेल्या नाहीत. सेलर्स यांना मानणारे म्हणतात की होतो. जाड विंधणं वापरणारे म्हणतात की सरळ भोक पाहिल्याशिवाय हात सरळ कशाला म्हणायचं तेच कळत नाही.

सागासारख्या धार खाणाऱ्या लाकडात चिवट आणि मऊ पोलाद बरं की कठीण आणि ठिसूळ, हा दुसरा प्रश्न. तिसरा आपल्या लोहाराचा. पाट्याचं विंधणं वाईट नसतं. त्याचा प्रत्येक नग वेगळा येतो, ही अडचण. आणि ती पोलादापेक्षा मापाची आहे असं मला वाटतं, कारण लोहाराकडे कोणी छेद काढलेला कागद घेऊन जात नाही, तो नजरेनं घडवतो.

गेल्या उन्हाळ्यात मी कागद घेऊन गेलो. धारेपाशी 9.5, मागे 9.2, जाडी 12. नव्या पाट्याचा तुकडाही नेला. पहिलं विंधणं मागे रुंद निघालं. लोहारानं ते माझ्या कॅलिपरखाली धरलं, मान हलवली आणि भट्टीत परत टाकलं. दुसरं माप धरून आलं, पण धार सागात दुसऱ्याच भोकाला वळली. तिसऱ्याला त्यानं पाण्याऐवजी तेलात विझवलं आणि काडीच्या रंगावर थांबवलं. ते आता माझ्याकडे आहे, दोन स्टुलांची आठ भोकं पाडून झाली आहेत आणि एकदाच दगडावर नेलं आहे. चौथं आणि पाचवं त्यानं माझ्या कागदाशिवाय, स्वतःहून करून ठेवली आहेत. पुढच्या आठवड्यात कॅलिपर घेऊन जायचं आहे.